थंडोबांची उन्हाळी वीण

भर उन्हाळ्यात, रस्त्यावरचं डांबर चपलांना चिकटत असताना, एक गृहस्थ सायकलच्या कॅरियरला लोकरीचा जाड स्वेटर, कानटोपी आणि हातमोजे बांधून कामाला निघायचे. नवखा माणूस थांबून बघायचा आणि गल्लीतल्या कुणाला तरी हळूच विचारायचा, "यांचं डोकं ठिकाणावर आहे ना?" गल्लीतला म्हणायचा, "डोकं ठिकाणावर आहे हो. नोकरीचं ठिकाण जरा वेगळं आहे."

गृहस्थ कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला होते. बाहेर चटके आणि आत गारठा. फळांच्या पेट्या आत घ्यायच्या, थरांनी रचायच्या, बाहेर काढायच्या, आणि ते हातभर जाडीचं दार उघडलं की लगेच लावायचं. उभा जन्म त्यांनी त्या दाराच्या आत काढला. त्यात स्वभावही असा की घराला आग लागली तरी हातातला चहा संपवून मग बादली शोधतील. तेव्हा कामावरच्या मंडळींनी त्यांना 'थंडोबा' म्हणायला सुरुवात केली, आणि नाव असं काही चिकटलं की बायकोसुद्धा रागावली की 'अहो' सोडून थेट 'थंडोबा'वर यायची. "मुलगा थंड डोक्याचा आहे असं सांगून माझं लग्न लावलं," ती म्हणायची. "डोकं बर्फात ठेवून येतो हे कुणी सांगितलं नाही."

विणकाम ते तिथेच शिकले. आतलं दार आणि बाहेरचं दार यांच्या मधे एक अरुंद खोली होती. तिथे गाडी येईपर्यंत बसून राहायचं. बाकीचे तंबाखू मळायचे आणि जगाच्या उखाळ्यापाखाळ्या काढायचे. थंडोबांना दारावरच्या म्हाताऱ्या माणसाने दोन सुया आणि लोकरीचा गुंडा दिला, आणि सुलट टाका, उलट टाका शिकवला. पहिल्या स्वेटरची एक बाही मनगटापर्यंत आली आणि दुसरी बोटांच्या टोकापर्यंत. मंडळी हसली तेव्हा थंडोबा शांतपणे म्हणाले, "उजवा हात जास्त राबतो. त्याला बाही जास्त नको?"

पुढे मात्र हात असा बसला की त्यांच्या विणीतून सुई काय, शंकासुद्धा आरपार जायची नाही. वारा शिरता कामा नये, हा त्यांचा एकच नियम. टाका घट्ट ओढायचा. गळा बंद, मनगट बंद, कंबर बंद. आणि शिवण तर मुळीच नको. गोल सुईवर एकसंध विणायचं, कारण शिवण म्हणजे दाराची फट. कामावरचे सगळे त्यांचेच स्वेटर घालत. एकाने पैज लावून स्वेटरच्या बाहीत पाणी ओतून दाखवलं होतं, आणि ते म्हणे बराच वेळ गळलं नव्हतं. आता हे खरं की खोटं ते त्या बाहीलाच ठाऊक, पण थंडोबांनी ते कधी नाकारलं नाही.

निवृत्त झाल्यावर हातातल्या सुया तशाच चालू राहिल्या. घालणारं मात्र कुणी उरलं नाही. त्या गावात थंडी पाहुण्यासारखी यायची, चार दिवस राहायची आणि जायची. ट्रंक भरली, मग पलंगाखालची पेटी भरली. "आपण मेलो तर आपल्याला जाळायला लाकडं लागायची नाहीत," बायको म्हणाली, "लोकरच पुरेल." थंडोबांनी मान हलवली आणि पुढची ओळ सुरू केली.

त्यांची सून होती लाँड्रीत. म्हणजे सासरा गारठ्यातला आणि सून वाफेतली. मुलगा ट्रकवर, आठवड्यातून एकदा घरी. त्यामुळे घरात राहायची तिघं.

लाँड्री साधीसुधी नव्हती. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, पडदे गाड्या भरभरून यायचे. आत एका लांब हॉलमध्ये मोठा रोलर होता. ओलसर चादर दोघींनी दोन कोपरे धरून ताणून त्याच्या तोंडात द्यायची. पलीकडून ती कडक इस्त्री होऊन बाहेर पडायची. ऐकायला सोपं आहे. पण कोपरा वाकडा गेला की सगळी चादर वाकडी, आणि एक चुणी पडली की पुन्हा धुण्यात. हे काम शिकायला सुनेला तीन वर्षं लागली होती. आधी घड्या घातल्या, मग ट्रॉल्या ढकलल्या, मग रोलरच्या मागच्या बाजूला उभी राहिली आणि शेवटी पुढे आली. रोलरच्या पुढे उभं राहणं म्हणजे त्या हॉलमध्ये मानाची जागा. घरी ती कमी बोलायची, पण रोलरबद्दल विचारलं की हात हवेत ताणून दाखवायची. "असा धरायचा, बाबा. ओढायचा नाही. तो घेतो, आपण फक्त सोडायचं."

त्या उन्हाळ्यात तिची पाठ घामोळ्यांनी भरली. रोलरची धग समोरून, डोक्यावर वाफेचा पाइप, आणि अंगावर जाडा एप्रन. एप्रनच्या आत काय घालायचं ते आपल्यावर, पण मुकादमाचे नियम पक्के. बाही कोपराच्या वर. काही लोंबायचं नाही, फडफडायचं नाही, समोर बटण नाही. रोलर चादर ओळखत नाही, जे मिळेल ते ओढतो. तेव्हा सैल झगा चालायचा नाही. बाजारातले बनियनसारखे टॉप घालून पाहिले, तर ते घामाने भिजून पाठीला असे चिकटायचे की संध्याकाळी सोलून काढावे लागायचे. एकदा तिला उभ्या उभ्या चक्कर आली. मुकादम वाईट माणूस नव्हता. पण त्याने सांगून टाकलं, "उन्हाळाभर टिकत नसेल तर घड्यांवर जा. महिनाअखेरीला रोलरची माणसं कायम करायची आहेत. आज उभी, उद्या आडवी, असं माणूस मी तिथे कसं ठेवू?"

हे तिने घरी सांगितलं ते भांडी पुसता पुसता, जसं काही दुसऱ्या कुणाचं आहे. सासूने विचारलं, "मग जाशील घड्यांवर?"

"जावं लागलं तर जाईन."

"आणि पुन्हा पुढे?"

"एकदा मागे गेलेली पुन्हा पुढे येत नाही, आई." आणि तिने ताट जागेवर ठेवलं.

थंडोबा कोपऱ्यात विणत होते. त्यांनी ओळ पूर्ण केली, सुया बाजूला ठेवल्या, चपला घातल्या आणि बाहेर पडले. बायकोने खिडकीतून पाहिलं. ओळ संपवून का होईना, पण लगबगीने उठून गेलेला हा माणूस तिने फार वर्षांत पाहिला नव्हता.

ते गेले लोकरवाल्या बाईंकडे. उन्हाळ्यात लोकरीच्या दुकानाची मालकीण काय करणार? बाई गल्ल्यावर डोकं टेकून डुलकी काढत होत्या.

"या. गडद करडा संपलाय," बाई डोळे न उघडताच म्हणाल्या. सायकलच्या घंटीवरून गिऱ्हाईक ओळखायच्या त्या.

"लोकर नको. उन्हाळी टॉप विणायचाय."

बाईंनी डोळे उघडले. "तुम्ही?"

"का? उन्हाळा मला वर्ज्य आहे का?"

"तुम्हालाच तो वर्ज्य होता, मला काय." बाईंनी खालचा खण ओढला. त्यात सुती धागा होता, बांबूचा होता, लिननचा होता. थंडोबांनी एकेक लड उचलून दोन बोटांत दाबली, जशी लोकर दाबून बघतात तशी, आणि तोंड वाकडं केलं.

"याला अंगच नाही."

"अंग ज्याचं त्याच्याकडे असतं. धाग्याला कशाला हवं? आणि बोटांनी काय बघता, मानेला लावून बघा."

मानेला काही त्यांनी लावलं नाही. चारचौघांत मानेला दोरा लावून बसणं त्यांना बरं दिसेना. खणातला सगळ्यात जाड सुती धागा उचलला आणि घरी आले.

आता पुढचं काय घडलं असेल ते कुणीही सांगेल. डोकं उन्हाळ्याचं होतं, पण हात हिवाळ्याचा. टाका घट्टच ओढला गेला. गळ्याला रिबची घट्ट पट्टी, कमरेला रिब, शिवण कुठेच नाही. टॉप तयार झाला तो उभा केला तर उभा राहील असा. सुनेने दोन्ही हातांनी तो घेतला, घालून कामावर गेली आणि संध्याकाळी परत आली ती टॉप पिशवीत घालून.

"छान आहे, बाबा," ती म्हणाली. "थंडीत घालीन."

कुणी नावं ठेवली असती तर थंडोबांनी हसून सोडून दिलं असतं. पण हे 'थंडीत घालीन' होतं. एका वाक्यात सुनेने टॉपचा मान राखला होता आणि टॉप ट्रंकेत पोचवलाही होता.

"चिलखत विणलंत," बायको नंतर म्हणाली. "तिला चादरींना इस्त्री करायचीय. लढाईला नाही जायचं."

दुसऱ्या खेपेला थंडोबा उलट्या टोकाला गेले. माणूस एकदा कडेने चालताना घसरला की दुसऱ्या कडेला जाऊन पडतो, तसं. लोकरवाल्या बाईंनी नमुन्यांचं पुस्तक काढलं. त्यात एक पानापानांची जाळी होती, चांगली बोट जाईल एवढ्या भोकांची. धागा घेतला बांबूचा, रेशमासारखा निसरडा. सुया इतक्या जाड की टाके आपोआप सैल पडावेत. घरी येऊन त्यांनी आधी हातभर तुकडा विणून पाहिला. तुकडा तपासायची त्यांची पद्धत जुनी होती आणि कधी चुकलेली नव्हती. ती पद्धत काय, ते पुढे कळेलच. तुकडा झकास टिकला. इंचभरही हलला नाही. थंडोबा खूश झाले आणि अंगाबरोबर बसेल असा टॉप विणून मोकळे झाले.

सकाळी सून घालून निघाली तेव्हा सासूसुद्धा म्हणाली, "शोभतोय हो." हलका होता, गार होता. पहिला तास छान गेला. मग वाफ लागली, घाम लागला, आणि बांबूचा धागा आपल्याच वजनाने खाली उतरायला लागला. कमरेवरचा काठ मांडीवर आला. दुपारी तो एप्रनच्या खालून डोकावू लागला, आणि चादरींच्या ट्रॉलीचा आकडा जाळीच्या एका भोकात अडकला. सून एक पाऊल मागे सरली, ट्रॉली तिच्याबरोबर आली. मुकादमाने ते पाहिलं आणि लाल बटण दाबलं.

रोलर थांबवणं म्हणजे काय, ते त्या हॉलमधल्यांना विचारावं. सगळा हॉल गप्प होतो आणि सगळी डोकी एकाच दिशेला वळतात. काही इजा झाली नाही. मुकादम ओरडलाही नाही. एवढंच म्हणाला, "उद्यापासून तू घड्यांवर. सोमवारी एक दिवस पुन्हा पुढे उभी करीन. पूर्ण पाळी टिकलीस तर तुझी जागा तुझी. नाहीतर मागची बाई पुढे येईल."

संध्याकाळी हे घरात सगळ्यांना कळलं. टॉप खुर्चीच्या पाठीवर लटकत होता, अगदी जमिनीपर्यंत.

"पण मी तपासून पाहिलं होतं," थंडोबा शेवटी म्हणाले. "तुकडा रात्रभर ठेवला होता. जराही वाढला नाही."

"कुठे ठेवला होता, बाबा?"

"कुठे म्हणजे? गारठ्यात."

"कुठल्या गारठ्यात?"

"फ्रिजमध्ये. खालच्या कप्प्यात."

जन्मभर ते असंच करत आले होते. नव्या विणीचा तुकडा कोल्ड स्टोरेजमध्ये एक दिवस टांगायचा आणि आकसतो की नाही ते बघायचं. नोकरी सुटली, कोल्ड स्टोरेज सुटलं, तर घरी फ्रिज होताच. उन्हाळी टॉपचा तुकडा लिंबांच्या शेजारी थंड करून बघण्यात काही गफलत आहे, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

सासू आधी खोकल्यासारखं काहीतरी करू लागली. मग तिने पदर तोंडाला लावला. "तरीच," ती म्हणाली, "तरीच मला लिंबं काढताना जाळी हाताला लागली. मला वाटलं, यांनी भाजी गाळायला काहीतरी केलंय."

सून हसायला लागली. खुर्चीवर बसून, डोळे पुसत, थांबून पुन्हा हसायला लागली. "बाबा, मला फ्रिजमध्ये उभं केलं असतंत तर टॉप अगदी मापात राहिला असता."

थंडोबांनाही हसू आलं, पण ते हसता हसता अर्ध्यात थांबले. ती बोलली ते चेष्टेत, पण त्यांच्या मनात ते रुतून बसलं. फ्रिजमध्ये उभं करायला हवं होतं म्हणजे काय? म्हणजे इतके दिवस त्यांनी टॉप विणला तो स्वतःच्या जागेवर बसून. थंडीतून बाहेर बघणाऱ्या माणसाच्या जागेवरून. ती उभी असते तिथे त्यांनी मनानेसुद्धा एकदा जाऊन पाहिलं नव्हतं. सासरा म्हणून संकोचाने विचारलं नाही, आणि विणणारा म्हणून विचारायची गरज वाटली नाही.

सकाळी ते अंगणात दात घासत होते तेव्हा त्यांना पेट्या आठवल्या. कोल्ड स्टोरेजमध्ये नवीन माणूस आला की तो पेट्या एकमेकींना खेटून रचायचा. म्हणायचा, आत थंडीच थंडी आहे, मग खेटल्या तर काय? आणि मग भर गारठ्यात मधल्या पेट्यांतली फळं सडायची. कारण फळ तोडलं तरी श्वास सोडतं. त्याच्या आतून ऊब निघत राहते. ती जायला वाट हवी. म्हणून दोन पेट्यांत तळहाताएवढी फट ठेवायची, वारा खालून शिरून वरून निघेल अशी. ही गोष्ट थंडोबांनी शेकडो माणसांना शिकवली होती, आणि पुन्हा पुन्हा चुकणाऱ्याला कान धरून बाहेर काढलं होतं. पेट्यांना फटी ठेवणाऱ्या त्याच माणसाने अंगावरच्या कपड्यातल्या फटी मात्र हयातभर बुजवल्या. आणि गेल्या खेपेला फटी ठेवल्या त्या सगळीकडे, एकसारख्या. पेट्यांना भिंतच ठेवली नाही तर त्या उभ्या तरी कशा राहणार?

त्यांनी चूळ भरली आणि आत आले.

"सूनबाई, एक काम आहे. एप्रन घाल आणि उभी राहा. आणि अगं, तू खडू घे."

"मी कशाला?" बायकोने विचारलं.

"मग काय मी घेऊ?" असं म्हणून ते खिडकीकडे तोंड करून, सुनेकडे पाठ करून बसले. मांडीवर जुन्या कॅलेंडरचं पान आणि हातात पेन्सिल.

"विचार तिला, घाम पहिल्यांदा कुठे येतो?"

"ती ऐकतेय, अहो. तुमच्या सासरेपणाला तोंड नाही का?"

"पाठीच्या मधे, बाबा. वरून खालपर्यंत. मग एप्रनची पट्टी बसते तिथे. मग काखेत."

"पुढून?"

"पुढून धग असते, पण घाम कमी. पुढून एप्रन असतो. आणि पुढे भोकं नकोतच, तिथेच सगळं अडकतं."

"खूण कर," थंडोबा बायकोला म्हणाले.

"केली."

"कुठे?"

"इथे."

"इथे म्हणजे कुठे? मला काय मागे डोळे आहेत?"

"असते तर एवढं सगळं झालं असतं का," बायको म्हणाली, पण तिने वितींनी मोजून एकेक जागा सांगितली आणि त्यांनी कागदावर लिहून घेतली. सून मान वळवून सासऱ्यांच्या पाठीकडे बघत होती. एवढे प्रश्न तिला माहेरीही कुणी विचारले नव्हते.

लोकरवाल्या बाईंकडे ते तिसऱ्यांदा गेले तेव्हा बाई जाग्या होत्या. या वेळी थंडोबांनी प्रत्येक लड मानेला लावून पाहिली, अगदी रस्त्यावरच्या माणसांदेखत. बांबू मऊ होता, पण उतरतो. त्याला पाहून झालं होतं. निव्वळ सुती धागा घाम पितो आणि जड होतो. लिनन मानेला खरखरीत लागला.

"टोचतोय," ते म्हणाले.

"आज टोचेल. धुण्यागणिक मवाळ होतो. काही माणसं नसतात का अशी?"

"आणि भिजल्यावर?"

"पटकन वाळतो. अंगाला चिकटत नाही, जरा लांबच राहतो."

"म्हणजे चांगला सासरा," थंडोबा म्हणाले.

शेवटी ठरलं ते लिनन आणि सूत मिसळून पिळलेल्या बारीक धाग्यावर. त्याचे त्यांनी तीन वेगवेगळ्या सुयांवर तीन तुकडे विणले, आणि या वेळी तपासायला ते दिले सुनेकडे. ती घड्यांवर होती, पण हॉल तोच. तिने ते तुकडे वाफेच्या पाइपाजवळच्या तारेला चिमट्यांनी लावले आणि प्रत्येकाच्या खालच्या टोकाला एकेक चमचा अडकवला, वजनाला. बाया विचारत होत्या, "हे काय गं, चमचे वाळत घातलेस?" ती म्हणाली, "आमच्या घरी चमचेसुद्धा इस्त्री करून लागतात." संध्याकाळी तुकडे घरी आले. थंडोबांनी टेप लावला. एक फारच वाढला होता, एक घट्ट राहून कडक झाला होता, आणि मधला वाढला होता दोन बोटं. तोच धरला.

मग विणायला बसले. पुढचा भाग सलग, साध्या विणीचा, जिथे आकडा काय, नखसुद्धा अडकणार नाही. मागे पाठीच्या कण्यावरून एक अरुंद जाळीचा पट्टा, बारीक भोकांचा, खाली रुंद आणि वर मानेपाशी उघडा, खालून शिरलेला वारा वरून निघेल असा. काखेत तशाच दोन चिंचोळ्या फटी. गळ्याला रिब नाही. आणि दोन्ही बाजूंना शिवण.

शिवण घालताना हात थबकला. सगळं आयुष्य तिला फट म्हणून हिणवलं होतं. पण वाफेत उतरत जाणाऱ्या कापडाला धरून ठेवायला काहीतरी कणा हवा, आणि तो शिवणीखेरीज कोण देणार? खांद्यांनाही त्यांनी आतून एक पक्की ओळ घातली. घट्ट टाका ओढायची सवय तिथे मात्र कामाला आली.

मुख्य म्हणजे टॉप त्यांनी मुद्दाम आखूड विणला. रविवारी तो पुरा होऊन पलंगावर पसरला तेव्हा बायको कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हा कुणासाठी? हिच्यासाठी, की हिला पुढेमागे होणाऱ्या मुलीसाठी?"

"उद्या दुपारपर्यंत मोठा होईल."

"टॉप आहे की पोर?"

थंडोबांनी काठ पुन्हा एकदा टेपने मोजला. त्यांना या वेळी खात्री नव्हती. स्वेटर विणताना त्यांना नेहमी ठाऊक असायचं, की हा झाला. घातलेल्या माणसाचा चेहरा बघितला की कळायचं. तो म्हणायचा, "वा, काय ऊब आहे!" आणि ते ऐकायला ते दाराशी उभे राहायचे. या टॉपचं तसं काही कळायला मार्ग नव्हता. तो बरा असेल तर काय होईल, हेसुद्धा त्यांना नीट सांगता येईना.

सोमवारी सकाळी सून टॉप घालून, वर एप्रनची पिशवी खांद्याला लावून निघाली. काठ जेमतेम कमरेला टेकत होता. सासू फाटकापर्यंत सोडायला आली, म्हणजे तिलाही काळजी होती.

तो दिवस थंडोबांनी घरात येरझाऱ्या घालण्यात काढला. विणायला घेतलं आणि उसवलं. जेवले, पण काय जेवले ते त्यांना सांगता आलं नसतं. दुपारी बायको म्हणाली, "कोल्ड स्टोरेजमध्ये तुमच्या पायाला एवढी गती असती तर साहेब झाला असता."

"आता कुठवर आला असेल काठ?"

"कुठवर का येईना. तुम्ही बसा."

संध्याकाळी फाटक वाजलं. सून आत आली, चपला काढल्या, एप्रनची पिशवी दाराशी ठेवली. हातात दुसरी पिशवी नव्हती. तिने पाणी घेतलं, गटागटा प्यायली आणि सासूशेजारी बसून बोलायलाच लागली. नवीन हॉटेलच्या चादरी आल्यात, मेल्या चांगल्या दोन माणसांच्या लांबीच्या, कोपरा धरता धरता जीव जातो. पलीकडची बाई आज दोनदा चुकली, तिला सांभाळून घ्यावं लागलं. मुकादम तर नुसता ट्रॉल्यांवर ट्रॉल्या पाठवत होता, अजून एक, अजून एक, जणू तिच्याशिवाय हॉलमध्ये कुणी नाहीच.

"पाळी संपेपर्यंत तूच होतीस पुढे?" सासूने विचारलं.

"हो ना. उद्यापण मीच. त्याने त्या मागच्या बाईला सांगितलं, तू तुझ्या जागेवर राहा म्हणून." आणि ती परत त्या लांब चादरींवर आली.

थंडोबा घसा खाकरून म्हणाले, "कसं वाटलं?"

"काय कसं वाटलं, बाबा?"

"ते."

तिला क्षणभर कळेना. मग तिने खाली पाहिलं, काठाला हात लावला, जसा काही तो तिथे आहे हे आत्ताच तिच्या लक्षात आलं. "अगं बाई," ती म्हणाली, "मी विसरलेच होते."

आणि ती उठून पातेल्यावरचं झाकण बघायला गेली, कारण दूध उतू जायला आलं होतं.

थंडोबा तिथेच उभे राहिले. हातात मोजायचा टेप होता. काठ नेमका किती उतरला, ते त्यांना बघायचं होतं. शिवणीने धरलं का, पाठीची जाळी ताणली का, सगळं बघायचं होतं, आणि आजच बघायला हवं होतं, धुण्याच्या आधी. पण त्यासाठी टॉप अंगावरून काढायला सांगावं लागलं असतं. आणि ती तर तोच घालून स्वयंपाकघरात दुधाशी भांडत होती, सासूला सांगत होती की आई, बसा तुम्ही, मी करते.

"काय झालं?" बायकोने विचारलं. "काही म्हणायचंय का?"

"नाही," थंडोबा म्हणाले आणि टेप गुंडाळून खिशात घातला. "राहू दे. तिला घातलेलं राहू दे."